रोज सकाळी ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ : तपासणी थांबवायची कशी, आणि थांबवण्याआधी काय पाहायचे

प्रश्न थोडक्यात असा : झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला डेस्कटॉप, विंडोज १०. सी ड्राइव्ह एसएसडीवर, डी ड्राइव्ह १ टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर. गेले तीन आठवडे मशीन सुरू केले की काळ्या पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह (डी:)’ असे येते आणि टक्के सरकत बसतात. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. गिऱ्हाईक खोळंबते, म्हणून बहुतेक वेळा कळ दाबून तपासणी टाळली जाते. ती कायमची बंद कशी करावी? शिवाय दुकानातल्या जुन्या उबुंटू (लिनक्स) मशीनवरही अधूनमधून अशीच तपासणी होते, तिचे काय?

बंद करणे दोन मिनिटांचे काम आहे. ते आधी सांगतो, म्हणजे उद्याची सकाळ मोकळी जाईल. पण तेवढ्यावर थांबू नका. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) ड्राइव्ह रोज उठून तपासणी मागत असेल तर त्यामागे काहीतरी कारण असते, आणि ते बऱ्याचदा डिस्कच्या तब्येतीत असते.

एक सूचना. खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना तीच अक्षरे इंग्रजीत टाका. मोकळ्या जागा, तिरकी रेघ आणि विसर्गासारखे दिसणारे कोलन जसेच्या तसे ठेवा. ‘सीएमडी’ शोधून त्यावर राइट क्लिक करायचे आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचे. साध्या खिडकीत यातल्या बहुतेक आज्ञा ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून परत येतात.

फक्त डी ड्राइव्ह तपासणीतून वगळण्यासाठी :

सीएचकेएनटीएफएस /एक्स डी:

पुढच्या वेळी मशीन सुरू होताना डीकडे कोणी पाहणार नाही. ही आज्ञा आधीच्या यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिते. आज डी वगळला आणि उद्या त्याच पद्धतीने ई वगळला, तर डी पुन्हा तपासणीत येतो. दोन्ही हवे असतील तर एकाच ओळीत ‘डी: ई:’ असे द्यायचे. सगळे पूर्ववत करायला ‘सीएचकेएनटीएफएस /डी’. यातल्या शेवटच्या ‘डी’चा अर्थ डीफॉल्ट, त्याचा डी ड्राइव्हशी संबंध नाही. इथे बरेच जण फसतात.

आता हे का घडते ते पाहू.

विंडोज सुरू होताना, लॉगिनचा पडदा यायच्या बऱ्याच आधी, सेशन मॅनेजर नावाचा भाग ‘ऑटोचेक’ नावाचा छोटा प्रोग्राम चालवतो. हा चेकडिस्कचाच, म्हणजे ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामचाच, धाकटा भाऊ. तो प्रत्येक ड्राइव्हवर एकच गोष्ट पाहतो : ‘डर्टी’ ही खूण लागली आहे का? नसेल तर क्षणात पुढे जातो. असेल तर काही सेकंद उलटी गिनती दाखवतो, आणि कोणी कळ दाबली नाही तर तपासणी सुरू करतो. एनटीएफएसमध्ये ही खूण ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘व्हॉल्यूम’ नावाच्या दडलेल्या फाइलीत, एका बिटाच्या रूपात असते. ती पुसण्याची आज्ञा विंडोजमध्ये नाही. लावण्याची आहे, विचारण्याची आहे, पुसायचे काम मात्र चेकडिस्कचे.

तुमच्या रोजच्या त्रासाचा अर्धा उलगडा इथेच होतो. कळ दाबून तपासणी टाळली की खूण तशीच राहते, म्हणून दुसऱ्या सकाळी तोच पडदा. महिनाभर टाळा, महिनाभर येईल. तेव्हा आधी एकदा, दुकान बंद झाल्यावर, तपासणी पूर्ण होऊ देणे हा पहिला प्रयोग. त्याने प्रश्न सुटला तर उत्तमच. पण तीन आठवड्यांत कधीतरी ती पूर्ण झालीच असणार. पाच मिनिटे, अर्धा तास हे आकडे तेच सांगतात. तरी ती परत येते, म्हणजे खूण पुन्हा लागते आहे.

बरेच जण म्हणतात, ‘लाइट गेली, मशीन बंद पडले, म्हणून तपासणी.’ विंडोज ९८ च्या काळात हे अगदी खरे होते. तेव्हा फॅट पद्धत होती, आणि नीट बंद न झालेले मशीन उठले की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क हमखास यायचा. पेनड्राइव्ह आणि एक्सफॅटवरच्या बाहेरच्या डिस्कबाबत आजही तसेच घडते. फॅटमध्ये लिहिणे सुरू झाले की खूण लागते आणि ड्राइव्ह नीट काढला की पुसली जाते, मधेच वीज गेली तर राहून जाते. एनटीएफएसचा हिशोब वेगळा. तिथे प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात लिहिला जातो. वीज गेली तर पुढच्या वेळी ड्राइव्ह उघडताना तो रोजनामा वाचून अर्धवट कामे एक तर पुरी केली जातात किंवा मागे घेतली जातात. याला काही क्षण लागतात आणि पडद्यावर काही दिसतही नाही. नुसत्या वीज जाण्याने एनटीएफएसवर डर्टी खूण सहसा लागत नाही. रचनेत काहीतरी विसंगत सापडले, म्हणजे नोंद एक सांगते आणि डिस्कवर दुसरेच आहे असे दिसले, तरच ती लागते. रोज लागत असेल, तर लिहिलेले नीट टिकत नाही किंवा वाचलेले नीट येत नाही. याला बहुधा डिस्क, केबल, वीज किंवा राइट कॅशची (लिहायचा डेटा आधी तात्पुरता धरून ठेवण्याच्या सोयीची) चुकीची सेटिंग यांपैकी काहीतरी जबाबदार असते.

अपवादही आहेत. २०२१ च्या जानेवारीत असे उघड झाले की विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये एका विशिष्ट, विचित्र पत्त्यावर नुसते जायचा प्रयत्न केला तरी ड्राइव्ह डर्टी ठरतो आणि ‘रिस्टार्ट टु रिपेअर’चा तगादा सुरू होतो. डिस्कला काहीही झालेले नसायचे. त्या एप्रिलच्या अपडेटमध्ये हे दुरुस्त झाले. त्याआधी, २०२० च्या डिसेंबरमधल्या एका अपडेटनंतर काही थोड्या मशीनवर चेकडिस्कची ‘/एफ’ दुरुस्तीच फाइल सिस्टिम बिघडवत होती. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले आणि सुधारलेही. तेव्हा विंडोजचे अपडेट वर्षानुवर्षे बंद ठेवले असतील, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी ते पूर्ण करा.

खूण केव्हा लागते ते पकडणे

आता खरे निदान. त्याला एकच आज्ञा पुरते :

एफएसयूटीआयएल डर्टी क्वेरी डी:

उत्तरात ‘इज नॉट डर्टी’ किंवा ‘इज डर्टी’ येते. ती तीन वेळा विचारायची. एकदा चेकडिस्क पूर्ण झाल्यावर लगेच, एकदा संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी, आणि एकदा सकाळी, गिनतीच्या वेळी कळ दाबून तपासणी टाळून आत गेल्यावर. (ब्लूटूथ कीबोर्ड त्या काळ्या पडद्यावर चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर तेव्हा उठलेलाच नसतो. त्या दिवसापुरता वायरचा लावा.)

दुरुस्तीनंतर लगेच ‘डर्टी’ आले, तर दुरुस्ती डिस्कवर उतरतच नाही आहे. डिस्क किंवा केबलकडे बोट जाते. संध्याकाळी आले, तर दिवसा केव्हातरी, काम चालू असताना, डीवरची एखादी खराब जागा वाचली गेली असणार. नोंदींमध्ये ती वेळ सापडेल. संध्याकाळी ‘नॉट डर्टी’ आणि सकाळी ‘डर्टी’ असेल, तर बंद होताना गडबड आहे : मेन स्विच आधी पाडला जातो आहे, राइट कॅश चुकीचा लावला आहे, किंवा फास्ट स्टार्टअपचा (मशीन लवकर सुरू व्हावे म्हणून असलेल्या विंडोजच्या सोयीचा) घोळ आहे. आणि सकाळीही ‘नॉट डर्टी’ असून तपासणी चालतच असेल, तर खुणेचा प्रश्नच नाही. कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, तपासणीची कायमची ओळ लिहून ठेवली आहे.

हा शेवटचा प्रकार आधी उरकून टाकू, कारण तो सर्वांत सोपा. ‘रेजएडिट’ उघडा आणि एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर या वाटेने जा. उजवीकडे ‘बूट एक्झिक्यूट’ नावाची नोंद दिसेल. मूळ स्थितीत तिच्यात एकच ओळ असते : ‘ऑटोचेक ऑटोचेक *’. यातला दुसरा शब्द इंग्रजीत ए-यू-टी-ओ-सी-एच-के असा लिहिलेला असतो, त्यात मधला ‘ई’ आणि ‘सी’ नाही. तुम्ही पूर्वी कधी तपासणी पुढच्या वेळेसाठी ठरवून दिली असेल, तर तिथे ‘/पी’ किंवा ‘/आर’ आणि ड्राइव्हचे नाव असलेली जादा ओळ आढळते. काम झाल्यावर ती आपोआप निघायला हवी. कधी कधी निघत नाही. आधी त्या किल्लीचा एक्स्पोर्ट घेऊन ठेवा, मग फक्त ती जादा ओळ काढा. सगळी नोंद रिकामी करून ‘तपासणीच बंद’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. मग सी ड्राइव्ह खरोखर बिघडला तरी विंडोज गप्प बसेल.

नोंदी वाचणे

सकाळच्या तपासणीचा अहवाल नाहीसा होत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘ॲप्लिकेशन’मध्ये जा, फिल्टरमध्ये सोर्स ‘विनइनिट’ आणि क्रमांक १००१ द्या. तीन आठवड्यांचे सगळे अहवाल ओळीने मिळतील. त्यात एकच ओळ आधी शोधा : ‘केबी इन बॅड सेक्टर्स’. तिथे शून्य असेल तर बरे. एनटीएफएसचा क्लस्टर (जागेचा सर्वांत लहान तुकडा) सहसा ४ केबीचा असतो, म्हणजे ४ केबी म्हणजे एक जागा गेली. आकडा दर अहवालात वाढत असेल तर पुढचे काही वाचायची गरज नाही, नवी डिस्क आणायची तयारी करा.

मग ‘सिस्टम’ लॉगमध्ये तीन क्रमांक पाहा. सोर्स ‘एनटीएफएस’, क्रमांक ५५ : रचनेत बिघाड सापडला, खूण लागण्याची वेळ हीच. सोर्स ‘डिस्क’, क्रमांक ७ : खराब ब्लॉक. क्रमांक १५३ : डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही, पुन्हा विचारावे लागले. ७ आणि १५३ मध्ये ‘हार्डडिस्क १’ किंवा ‘डिस्क १’ असा आकडा असतो, तो डिस्क मॅनेजमेंटमधल्या आकड्याशी जुळवून पाहा. नाहीतर दोष एकीचा आणि बदलली दुसरी, असे होते. ५५ च्या काही सेकंद आधी ७ किंवा १५३ दिसला, तर दोष फाइल सिस्टिमचा नाही, खालच्या लोखंडाचा आहे.

लोखंडाची तब्येत ‘स्मार्ट’ आकड्यांवरून, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींवरून, कळते. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. तो मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, दाखवतो. ‘फंक्शन’, ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, ‘रॉ व्हॅल्यूज’ या वाटेने ते दशमानात करून घ्या. हार्डडिस्कसाठी चार ओळी महत्त्वाच्या : ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता न येणाऱ्या, पण अजून निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे वाचणे अशक्य झालेल्या. सी५ शून्याच्या वर असेल तर तुमच्या रोजच्या तपासणीचे कारण बहुधा सापडले : त्या जागेवर फाइल सिस्टिमची एखादी नोंद आहे, ती कधी वाचली जाते, कधी नाही. पाच मिनिटे आणि अर्धा तास हा फरकही त्यातूनच येतो, कारण खराब जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडकून राहते.

सी७ ची गोष्ट निराळी. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर झालेल्या चुका मोजतो. ०५, सी५, सी६ शून्य आणि सी७ वाढता असेल, तर साटा केबल बदला, दोन्ही टोके नीट बसवा, जमल्यास मदरबोर्डवरचे दुसरे भोक वापरा. केबल बदलली म्हणून सी७ खाली येत नाही, तो आजन्म मोजणारा आकडा आहे. आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने पाहा. तेवढाच राहिला तर काम झाले. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलपायी लोक डिस्क फेकून देतात.

विंडोजची ‘डब्ल्यूएमआयसी डिस्कड्राइव्ह गेट स्टेटस’ ही आज्ञा ‘ओके’ म्हणाली म्हणून निर्धास्त राहू नका. डिस्क अगदी मरायला टेकली तरच ती वेगळे काही बोलते.

दुरुस्तीआधी प्रत

सी५ किंवा सी६ शून्य नसेल, तर आधी डीवरचा डेटा दुसरीकडे हलवा. ‘चेकडिस्क /आर’ हे अशा डिस्कवर पहिले औषध नव्हे. ते डिस्कचा कण न् कण वाचायला लावते, आणि आजारी डिस्कला तासन्‌तास पळवणे हा तिचा शेवट लवकर आणायचा मार्ग आहे. शिवाय चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करण्याचे आहे, तुमच्या फाइली वाचवण्याचे नाही. ज्या तुकड्याचे नाव-गाव लागत नाही तो ती ‘फाउंड.०००’ नावाच्या दडलेल्या फोल्डरमध्ये टाकते आणि पुढे जाते. लग्नपत्रिकेची कोरल ड्रॉ फाइल तिथे निनावी तुकडा होऊन पडली, तर ती ओळखून परत जोडणे कठीण.

प्रत काढायला रोबोकॉपी ही विंडोजमधलीच आज्ञा वापरा. बाहेरचा ड्राइव्ह एफ: असेल तर :

रोबोकॉपी डी:\ एफ:\डीप्रत /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबून. न सांगता सोडली तर एका फाइलीवर ती वर्षभर बसेल. ‘/आर:१ /डब्ल्यू:१’ म्हणजे एकदाच पुन्हा पाहा, एक सेकंद थांबून. न आलेल्या फाइलींची नावे शेवटी हवी असतील तर ‘/लॉग:’ देऊन अहवाल फाइलीत घ्या. आणखी एक गंमत : आख्ख्या ड्राइव्हची प्रत काढली की समोरचे फोल्डर दडलेले होते आणि ‘प्रत झालीच नाही’ असे वाटते. ‘ॲट्रिब -एच -एस एफ:\डीप्रत’ दिले की ते दिसते.

प्रत हातात आल्यावर दुरुस्ती. डी हा विंडोजचा ड्राइव्ह नाही, म्हणून मशीन बंद-चालू न करताही होते. डीवरचे सगळे प्रोग्राम बंद करा आणि :

सीएचकेडीएसके डी: /एफ

ड्राइव्ह वापरात आहे, जबरदस्तीने सोडवू का, असे ती विचारेल. उघड्या फाइली जतन केल्याची खात्री करून ‘वाय’ म्हणा. हे तीन टप्प्यांत होते : मूळ नोंदी, नावांची जुळणी, परवानग्या. लाखभर फाइलींच्या निरोगी डिस्कवर काही मिनिटांचे काम. ‘/आर’ दिले तर चौथा आणि पाचवा टप्पा वाढतो, फाइलींमधला डेटा आणि रिकामी जागा दोन्ही वाचून पाहिली जाते. वेळेचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला १०० ते १२० एमबी वेगाने १ टीबी वाचायला अडीच तासांच्या आसपास लागतात, तेही डिस्क निरोगी असेल तर. यूएसबी २ च्या भोकात लावलेल्या बाहेरच्या डिस्कला आठ-नऊ तास. खराब जागा असतील तर हिशोब सोडून द्या. टक्के एकाच आकड्यावर तासभर थांबले म्हणून मशीन अडकले असे नाही. केसमधला हार्डडिस्कचा दिवा पाहा, लुकलुकत असेल तर काम चालू आहे. मधेच बटण दाबून बंद करू नका. विशेषतः पहिल्या तीन टप्प्यांत नोंदी लिहिल्या जात असतात.

म्हणूनच भारनियमनाच्या वेळा पाहून हे काम लावा. दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस मशीनला दहा-पंधरा मिनिटे तारून नेईल, अडीच तास नाही. त्याच्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल, तर ती दहा मिनिटेही देत नाही. मशीन इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका पाहा. बऱ्याच मॉडेलवर असतो. ‘नॉर्मल’वर वीज गेल्यावर इन्व्हर्टर उचलायला लागणारा वेळ पंखा-दिव्याला चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही, मशीन रिस्टार्ट होते. खटका ‘यूपीएस’वर हवा.

सी ड्राइव्हची ‘/एफ’ दुरुस्ती मात्र चालू विंडोजमध्ये होत नाही, ती पुढच्या वेळेसाठी ठरवावी लागते. ठरवल्यावर ‘शट डाउन’ करू नका, ‘रिस्टार्ट’ द्या. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे अर्धी झोप असते. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच उठतो. रिस्टार्ट नेहमी पूर्ण असते. एसएसडीवर ‘/आर’ची गरज सहसा नसते, ‘/एफ’ पुरे.

‘कॅनॉट ओपन व्हॉल्यूम फॉर डायरेक्ट ॲक्सेस’ असे म्हणून सकाळची तपासणी सुरूच होत नसेल, तर एखाद्या ॲंटीव्हायरसचा किंवा बॅकअप प्रोग्रामचा ड्रायव्हर आधीच ड्राइव्ह धरून बसला आहे. शिफ्ट दाबून ‘रिस्टार्ट’ द्या, ‘ट्रबलशूट’मधून कमांड प्रॉम्प्टवर जा आणि तिथून चेकडिस्क चालवा. त्या जागी ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. आधी ‘डिस्कपार्ट’ आणि ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने नाव-आकार पाहून खात्री करा. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की जवळ ठेवूनच तिकडे वळा.

पुन्हा खूण लागू नये म्हणून

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क उघडून ‘पॉलिसीज’ पाहा. ‘एनेबल राइट कॅशिंग’ला टिक असू द्या. तिच्या खालची ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग’ मात्र काढा. वेग वाढेल म्हणून ही टिक लावायला सांगितले जाते. ती लावली की विंडोज डिस्कला ‘आता खरोखर लिही’ असे सांगणेच सोडते, रोजनाम्याच्या भरवशाला अर्थ उरत नाही, आणि वीज गेली की वर सांगितलेली विसंगती तयार होते. वीज गेल्याने एनटीएफएस डर्टी झाल्याच्या तक्रारीत सर्वांत आधी ही टिक पाहावी.

त्याच मशीनवर लिनक्सही असेल आणि तिकडून डी उघडला जात असेल, तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. विंडोज अर्ध्या झोपेत ड्राइव्हच्या जुन्या नोंदी डोक्यात धरून असते, लिनक्स त्यात बदल करते, सकाळी दोघांचा हिशोब जुळत नाही. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिले की फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट दोन्ही जातात. नुसता फास्ट स्टार्टअप घालवायचा असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर त्याची टिक आहे.

डिस्क बदलताना जुनीची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर उतरवली, तर जुन्या खराब जागांची यादीही सोबत येते, आणि नव्याकोऱ्या डिस्कवर अहवाल ‘बॅड सेक्टर्स’ दाखवतो. घाबरू नका, ‘सीएचकेडीएसके डी: /बी’ ती यादी नव्याने तपासून साफ करते.

हे सगळे होऊन आठवडाभर ‘नॉट डर्टी’ राहिले की ‘सीएचकेएनटीएफएस /डी’ देऊन वगळलेला डी परत तपासणीत घ्या. वगळलेला ठेवण्यात तोटा आहे : खूण लागली तरी कळत नाही, बिघाड वाढत राहतो, आणि डर्टी ड्राइव्ह लहान करायला गेलात तर डिस्क मॅनेजमेंट नकार देते. सकाळी कळ दाबायला वेळ पुरत नाही, एवढीच अडचण असेल तर गिनती वाढवा :

सीएचकेएनटीएफएस /टी:३०

नुसते ‘/टी’ दिले तर सध्याचे सेकंद कळतात. शून्य ठेवता येते, पण ठेवू नका. मग कधी मोठी तपासणी लागली तर टाळायची संधीच मिळत नाही. नवी डिस्क येईपर्यंत जुनीवर काम रेटायचे असेल, तेवढ्या चार दिवसांसाठी ‘/एक्स’ वापरायला माझी हरकत नाही. फक्त रोज संध्याकाळी प्रत घ्या.

उबुंटूचे मशीन

तिथे पद्धत वेगळी. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) ड्राइव्हवर दोन मोजण्या असतात : किती वेळा उघडला, आणि शेवटची तपासणी होऊन किती दिवस झाले. २०११ च्या ई२एफएसप्रॉग्स (या ड्राइव्हची लिनक्समधली साधने) १.४२ पासून नवा ड्राइव्ह करताना या दोन्ही मर्यादा बंदच असतात. जुन्या इन्स्टॉलवर मात्र वीस ते चाळीस वेळा उघडल्यावर किंवा १८० दिवसांनी तपासणी होते. तुमचे मशीन ‘अधूनमधून’ तपासणी करते याचे कारण बहुधा हेच. आधी पाहा :

सुडो ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए१

(ड्राइव्हचे नाव तुमच्याकडे वेगळे असेल, ‘एलएसबीएलके’ने कळेल. आज्ञेतला ‘एल’ छोटा.) ‘मॅक्सिमम माउंट काउंट’ आणि ‘चेक इंटरव्हल’ या ओळी वाचा. बदलायला ‘-सी’ आणि ‘-आय’ : ‘सुडो ट्यून२एफएस -सी ० -आय ६एम /डेव्ह/एसडीए१’ म्हणजे मोजून नको, सहा महिन्यांनी एकदा. दुकानाच्या मशीनला हे पुरे. एफएसटॅब फाइलीत (सुरुवातीला उघडायच्या ड्राइव्हच्या यादीत) त्या ड्राइव्हच्या ओळीतल्या सहाव्या रकान्यातला आकडा शून्य केला तर तो ड्राइव्ह सुरुवातीच्या तपासणीतून पूर्ण वगळला जातो. मूळ ड्राइव्हला तिथे १ हवा, बाकीच्यांना २. एकदाच मुद्दाम तपासणी हवी असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) यादीत ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडा, फक्त त्या खेपेपुरते लागू होते. एनटीएफएस ड्राइव्हला लिनक्सचे ‘एनटीएफएसफिक्स’ चेकडिस्कचा पर्याय नाही. ते थोडीच डागडुजी करते, खरी दुरुस्ती विंडोजमध्येच.

आणि ते मशीन अधूनमधून नव्हे, रोजच तपासणी करायला लागले, तर सोबत पडद्यावर ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’ असे येते का ते पाहा. येत असेल तर डिस्कला काही झालेले नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली आहे. रात्री मेन स्विच बंद झाला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि सकाळी ड्राइव्हवरची कालची तारीख मशीनला भविष्यातली वाटते. नवी बॅटरी घाला, बायॉसमध्ये तारीख-वेळ लावा, आणि एकदा पूर्ण तपासणी होऊ द्या.